सोनाजीच्या नावाचा बोर्ड

हर्सूलच्या सोनाजी शिंगाडेनं आयुष्यात किती लोकांची नावं छातीशी धरली असतील, त्याची मोजदाद देवालाच माहीत. बावीस वर्षं तो चिकलठाण्याच्या विमानतळावर पाहुणे घ्यायला उभा राहत आला होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात पुठ्ठ्याचा बोर्ड आणि डोळे त्या काचेच्या दाराला चिकटलेले. दारातून एखादा दमलेला माणूस बाहेर यायचा, बोर्डावर आपलं नाव दिसलं की हात वर करायचा, आणि झालं! सोनाजी त्याची बॅग उचलणार, मागचं दार उघडणार आणि वेरूळ नाहीतर अजिंठ्याच्या रस्त्याला लागणार.

त्या ड्रायव्हरांच्या लाईनीत एक रिवाज होता. कुणाला चहाला जायचं असलं, गाडी हलवायची असली, तर तो आपला बोर्ड शेजारच्याच्या हातात द्यायचा. शेजारच्यानं काही विचारायचं नाही, मुकाट्यानं धरायचा. सोनाजीनं त्याच्या दोस्ताचे, शफी ड्रायव्हरचे बोर्ड धरले, शफीनं सोनाजीचे. शफी म्हणायचा, "सोन्या, आपण दोघं म्हणजे चालतेफिरते खिळे. बोर्ड लटकवायचे."

ते बोर्ड लिहायचं काम मात्र सोनाजीच्या लेकीचं, बानूचं. सोनाजीला इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, पण लिहायला घेतली की ती चरायला सोडलेल्या मेंढरांसारखी चहूकडं पांगायची. म्हणून तिसरीत असल्यापासून बानूच जाड स्केचपेन घेऊन बसायची. जपानी नावं, जर्मन नावं, कसली कसली नावं! एका पाहुण्याचं नाव एवढं लांब निघालं की दोन पुठ्ठे जोडावे लागले.

त्या तिसरीतल्या बानूनं एकदा विचारलं होतं, "आबा, तुमच्या नावाचा बोर्ड कोण धरतं?"

सोनाजी एवढा हसला की चहा बशीतून शर्टावर आला. "माझ्या नावाचा? मला कोण आणाया येतंय, येडे!"

सगळं घर हसलं. बानू हसली नाही. ते उत्तर तिच्या मनात चपलेत खडा शिरावा तसं शिरलं, आणि दहावीपर्यंत टोचत राहिलं.

दहावीपर्यंत म्हणायचं कारण असं, की तोवर बानूला आवाजच नव्हता. हजेरीला ती "हजर" इतकं हळू म्हणायची की बाई गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. पण यंदा स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं आडवी झाली, आणि बाईंनी जवळ उभ्या असलेल्या बानूच्या हातात माईक कोंबला. पहिलं वाक्य थरथरलं. दुसरं सरळ आलं. तिसऱ्याला अख्खं मैदान खळाळून हसलं आणि टाळ्या पडल्या. त्या दिवशी बानूचा आवाज जो उघडला, तो पुन्हा मिटायचं नाव घेईना. घरात कुणीही काहीही म्हणालं की बानूचं ठरलेलं उत्तर: "मला माहितीय. मी करते."

आणि नेमकी याच वर्षी तिच्या आईची, चतुराबाईची भिशी लागली.

चतुराबाईनं आधीच सांगून टाकलं, "फ्रिज नको, कपाट नको. मला समुद्र बघायचाय."

"मंग मुंबईला जाऊन येऊ की," सोनाजी म्हणाला.

"तिथं एकाच बाजूनं असतो. मला चारी बाजूंनी बघायचाय."

चारी बाजूंनी समुद्र म्हणजे बेट. म्हणून ठरलं अंदमान. सोनाजी, चतुराबाई, बानू आणि सोनाजीची आई दगडाबाई, अशी चार तिकिटं निघाली. खोली ठरली. तिकीट काढून देणाऱ्या माणसानं जाता जाता सांगितलं, "तिथल्या विमानतळावरून खोलीपर्यंतची गाडी मात्र तुमची तुम्ही बघा."

झालं, इथंच ठिणगी पडली.

"मला माहितीय. मी करते," बानू म्हणाली. "आधीच बुक करून ठेवायची. आपण उतरलो की माणूस बोर्ड घेऊन उभा."

"गाडी बुक करायची? म्या?" सोनाजीच्या हातातला घास हातातच राहिला. "बावीस वर्षं स्टेरिंग धरलं ते काय झोपेत? तिथं उतरू, भाईर येऊ, एखाद्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकू. ड्रायव्हर ड्रायव्हरला बरोबर वळखतो."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट स्टँडवर पोचली, आणि शफीला तर आयतंच मिळालं. संध्याकाळी तो घरी येऊन चहाचा कप हातात घेऊन ओट्यावरच बसला. "सोन्या, क्या सुना मैं? पोरीनं तुलाच गिऱ्हाईक बनवलं म्हणे! आता मागं बसून खिडकीतून हात हलवणार का? 'ड्रायव्हर, एसी वाढव,' असं बोलणार?"

"गप ए शफ्या," सोनाजी म्हणाला, पण कान लाल झाले.

बानूनं कुणाचं ऐकलं नाही. आईचा फोन घेऊन ती गच्चीच्या जिन्यात बसली आणि तिनं पोर्ट ब्लेअरच्या एका गाडीवाल्यांचा फॉर्म उघडला. विमान कोणतं, माणसं किती, बॅगा किती, सगळं भरत गेली. मग एक चौकोन आला: बोर्डावर लिहायचं नाव.

बानूचा अंगठा थांबला. आजवर तिनं ही ओळ दुसऱ्या टोकाकडून पाहिली होती. कुणीतरी लांब कुठंतरी बसून आपलं नाव भरायचं, आणि ते हर्सूलला येऊन तिच्या पुठ्ठ्यावर उतरायचं. आज ती पहिल्यांदा त्या लांबच्या टोकाला होती. तिनं आबांना वाचायला सोपं जावं म्हणून मराठीतच लिहिलं: श्री. सोनाजी मुंजाबा शिंगाडे.

त्याखाली आणखी एक मोठा रिकामा चौकोन होता, ड्रायव्हरला काही सांगायचं असेल तर. रिकामी जागा आणि बानू! तिनं शाळेतल्या हिंदीत ठासून भरला. नाव ऐसाही लिखना जैसा मैंने लिखा है. हमारे साथ एक दादी है, उसके कंधे पर काली घोंगडी रहेगी, मतलब कंबल, उससे पहचानना. और मेरे पिताजी खुद ड्रायव्हर हैं. उनको बैग मत उठाने देना. आगे मत बैठने देना. वो मानेंगे नहीं, फिर भी.

थोड्या वेळानं फोन वाजला. उत्तर आलं होतं: ओके मॅडम.

मॅडम! बानूनं ते अकरा वेळा वाचलं. बाराव्यांदा घरात ओरडून वाचून दाखवलं.

सोनाजी पाय धुत होता. त्यानं मान वर केली. "नुसतं ओके?"

"व्हय. ओके मॅडम."

"गाडीचा नंबर? ड्रायव्हरचं नाव?"

"...नाय."

"बाळा, ओके तर मी बी म्हणतो. एकाच टायमाला तिघांना ओके म्हणतो. मंग जो आधी पावला तो आपला."

चतुराबाईनं भाकरी तव्यावर तशीच सोडून वळून पाहिलं. "असं करता व्हय तुम्ही लोकांसंग?"

"आता नाय करत," सोनाजी घाईघाईनं म्हणाला. "आधी करायचो. पण धंदा मला कळतो. बानू, तिथं कुणी नसणार. लिहून घे."

बानू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि असला तर?"

"असला तर चारी दिवस मागच्या शिटावर बसतो साहेबावानी. ड्रायव्हरला एक शब्द बोलणार नाय. आणि नसला, तर तुझं ते 'मला माहितीय, मी करते' बंद. माझ्यापुढं परत म्हणायचं नाय. कबूल?"

कोपऱ्यात बसलेली दगडाबाई हळूच म्हणाली, "पोरी, जपून. तुझा बा शब्दाचा पक्का हाय."

बानूच्या पोटात कुठंतरी जुनी, हळू आवाजातली बानू उठून बसली. आवाज आत्ता कुठं आला होता. तो असा डावावर लावायचा? तरी नव्या बानूनं हात पुढं केला. "कबूल!"

निघायच्या दिवशी सोनाजीनं आपल्याच गाडीतून सगळ्यांना विमानतळावर नेलं. गाडी परत न्यायला म्हणून शफी सोबत आला होता, तर सोनाजीनं त्यालाच बाजूला बसवलं आणि चावी सोडली नाही ती नाहीच. शफी मागं वळून बानूला म्हणाला, "बेटा, जो स्वतःच्या गाडीत बाजूला बसत नाही, तो परक्या गाडीत मागं बसणार? तू जीत भी गई तो हार गई."

दगडाबाईच्या खांद्यावर काळी घोंगडी होती. सोनाजीनं तीनदा सांगून पाहिलं, "माय, तिथं घामाच्या धारा लागतात. राहू दे घरी." दगडाबाईचं एकच: "तुझ्या बापासंग रानोमाळ हिंडले तवाबी ही खांद्यावर व्हती. आता इमानात बसायचं तर हिला सोडू?" कमरेला भंडाऱ्याची थैली. तपासणीच्या माणसानं ती उघडून वास घेतला, दोनदा शिंकला, आणि पिवळ्या नाकानं "जाओ अम्मा" म्हणाला.

हैदराबादेत एक विमान सोडलं, दुसरं धरलं. मग खाली निळं, नुसतं निळं. चतुराबाईनं खिडकीला नाक लावलं ते काढलंच नाही. बानू मात्र समुद्र बघता बघता मनात एकच गोष्ट घोळवत होती. ओके मॅडम. ओके मॅडम. ओके म्हंजी काय?

पोर्ट ब्लेअरला उतरल्या उतरल्या तिनं फोन सुरू केला. रेंज नाही. हात वर करून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. नाहीच. म्हणजे फोन करून विचारायची सोय गेली. आता दाराबाहेर जे असेल ते.

सामानाच्या पट्ट्यावर बॅगा आल्या, पण दगडाबाईचं लाडवांचं आणि शेंगदाण्यांच्या चटणीचं बोचकं येईना. सोनाजीचा पाय ठरत नव्हता. "तुम्ही बोचकं घेऊन या. मी भाईर गाडीचं बघतो."

"गाडी हाय, आबा!"

"हाय तर हाय. बघाया काय जातंय?" आणि पांढरा शर्ट खोचत तो मोकळ्या हातानं दारातून निघून गेला.

बोचकं आलं चांगलं वीस मिनिटांनी, सगळ्यांत शेवटी, आणि एका बाजूनं तेलकट होऊन. बानूनं ते ढकलगाडीवर टाकलं, ढकलगाडी आईकडं दिली, घोंगडीवाल्या आजीला हाताला धरलं, आणि ती काचेच्या दारातून बाहेर पडली.

बाहेर ऊन, दमट वारा, नारळाची झाडं आणि कठड्यामागं बोर्डच बोर्ड. बानूनं डावीकडून वाचायला सुरुवात केली. हॉटेलचं नाव. बंगाली नाव. नवराबायकोचं नाव, मध्ये बदाम काढलेला. तमिळ असावं असं एक नाव. आणखी एक हॉटेल. पाच, सहा, सात. अक्षर कुणाचं कसं आहे हेही तिला दिसत होतं, सवयच ती. आठ, नऊ. शिंगाडे नाही. दहा. लोक आपापल्या बोर्डाशी जाऊन हसत होते, बॅगा उचलल्या जात होत्या, कठड्याशी गर्दी विरळ होत चालली होती. अकरा. नाही.

"काय गं?" चतुराबाईनं विचारलं.

बानूनं नुसतं कठड्याकडं बोट केलं. आवाज होता कुठं? तो तर परत तिसरीत जाऊन बसला होता.

आणि तेवढ्यात अगदी उजव्या टोकाला, खांबाच्या सावलीत, तिला बारावा बोर्ड दिसला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी, टपोरी, मराठी अक्षरं. श्री. सोनाजी मुंजाबा शिंगाडे.

बानूनं डोळे मिटले, उघडले. होता! बोर्ड होता! मग तिची नजर बोर्डावरून वर गेली, तो धरणाऱ्याच्या हातांवर, पांढऱ्या शर्टावर, चेहऱ्यावर.

बोर्ड धरून आबा उभे होते.

ताठ उभे होते. छातीशी बोर्ड, पाय जुळवलेले, नजर काचेच्या दाराकडं, अगदी चिकलठाण्याला उभे राहावेत तसे.

म्हणजे गाडी आलीच नाही, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून आबांनी स्वतःच कुठून तरी पुठ्ठा मिळवला आणि... पण नाही. तिनं पुन्हा अक्षर पाहिलं. आबांचा 'श' कायम उताणा पडतो. हा 'श' ताठ होता. हे अक्षर आबांचं नव्हतं, आणि तिचंही नव्हतं. हे इथलं कुणाचं तरी होतं.

सोनाजीनं त्यांना पाहिलं आणि बोर्ड तसाच धरून हाक मारली. "आलात? बानू, म्या सगळी लाईन बघितली. आपल्या नावाचं कोणी नाय बरं का. मी म्हणलो नव्हतो? पण असू दे, तू मनाला लावून घेऊ नको. हा बोर्डवाला भाऊ आला की त्यालाच विचारतो, सोडतो का म्हणून."

"कोण भाऊ?" बानूनं कसंबसं विचारलं.

"हाय एक ड्रायव्हर. शिट्टीवाल्या पोलिसानं त्याची गाडी हलवायला लावली. म्या दारातनं भाईर पडतोय तोवर बोर्ड हातात कोंबून म्हणला, भैया, दो मिनट पकडो. धरला. बिचारा कवाधरनं उभा हाय म्हणं, त्याचे पाहुणेच भाईर येईनात."

चतुराबाईनं आधी बोर्डाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि पदर तोंडात कोंबला.

"आबा," बानू म्हणाली, आणि आता तिचा आवाज परत आला होता, नुसता आलाच नव्हता तर पार त्या नारळांच्या शेंड्यापर्यंत चढला होता, "त्याच्या पाहुण्यांचं नाव काय हाय?"

"मला काय माहीत? दुसऱ्याचा बोर्ड वाचत नसतो आपण. धरायचा फक्त."

"आज वाचा!"

सोनाजीनं बोर्ड आपल्याकडं वळवला. वाचला. ओठ हलले. पुन्हा पहिल्यापासून वाचला, बोट लावून. आजूबाजूला गाड्या सुरू होत होत्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, आणि सोनाजी शिंगाडे स्वतःचं नाव हातात धरून उभा होता.

"काय लिवलंय रे त्यात?" दगडाबाईनं विचारलं. तिला अक्षरओळख नव्हती.

बानूनंच वाचून दाखवलं, मैदानाला ऐकवावं तसं. "श्री. सोनाजी, मुंजाबा, शिंगाडे!"

दगडाबाईनं पटकन डोक्यावर पदर ओढला. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. "त्यांचं बी नाव हाय?" ती हळूच म्हणाली. "एवढ्या लांब, समुद्राच्या मधी?" आणि तिनं वाळलेल्या बोटांनी त्या अक्षरांना हात लावून तो कपाळाला लावला.

तेवढ्यात एक सावळा, चेकचा शर्ट घातलेला ड्रायव्हर पळत आला. त्याला आधी दिसली घोंगडी. "अरे, काली कंबलवाली दादी! कब से ढूँढ रहा हूँ!" मग त्यानं बोर्ड परत घ्यायला सोनाजीकडं हात केला. "थँक्यू भैया. मेरे साहब लोग आ गए."

"साहब वही हैं!" बानू ओरडली. "आपने साहब को ही खडा कर दिया!"

ड्रायव्हर बोर्डाकडं बघू लागला, सोनाजीकडं बघू लागला, आणि मग कपाळावर हात मारून असा हसला की कठड्याजवळचे सगळे ड्रायव्हर वळले. कुणीतरी गोष्ट विचारली, कुणीतरी सांगितली, ती लाईनीतून सर्रकन पलीकडं गेली, आणि अख्खी लाईन हसत सोनाजीला सलाम ठोकू लागली. सोनाजीही हसला, डोळे पुसत हसला. ड्रायव्हर ड्रायव्हरला वळखतो म्हणतात. ओळखलं होतं की, जरा जास्तच!

सवयीनं सोनाजी बॅगेकडं वाकला. ड्रायव्हरनं बॅग झटकन ओढली. "ना साहब. मॅडम का ऑर्डर है, लिखित में."

गाडी पांढरीशुभ्र होती. सोनाजीचे पाय आपोआप उजवीकडच्या पुढच्या दाराशी गेले. तिथं बानू आडवी. मग तो डावीकडच्या पुढच्या दाराशी गेला. तिथं चतुराबाई आडवी. शेवटी ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं, अगदी सोनाजी धरायचा तसंच, एक हात दाराच्या वरच्या कडेला लावून, पाहुण्याचं डोकं आपटू नये म्हणून. सोनाजीनं तो हात पाहिला. थबकला. आणि मान वाकवून आत बसला.

निघणार, तोच दगडाबाई म्हणाली, "थांबा! नवी गाडी, नवा मुलूख." तिनं थैलीत हात घातला आणि बॉनेटवर मूठभर भंडारा उधळला. "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" बानू आणि चतुराबाई ओरडल्या. पांढरी गाडी पिवळी झाली, पांढरा शर्ट पिवळा झाला, ड्रायव्हरच्या भुवया पिवळ्या झाल्या. "ये क्या है मॅडम?" तो विचारत होता. "आशीर्वाद आहे," बानू मराठीतच म्हणाली, आणि त्याला ते कळलं.

रस्ता चढाचा, वळणावळणाचा होता. प्रत्येक वळणाला सोनाजीचा उजवा पाय मागच्या पायपुसणीवर ब्रेक दाबत होता. एका चढावर गाडी कुंथली, तेव्हा त्याचे ओठ 'दुसरा गिअर टाक' म्हणायला उघडले. बानूनं नुसतं बोट वर केलं. ओठ मिटले. शब्द म्हणजे शब्द.

मग एका वळणावर झाडं संपली आणि समुद्र दिसला. पुढं दिसला, खिडकीतून डावीकडं दिसला, वळण घेतलं तर उजवीकडंही दिसला. "तीन झाल्या," चतुराबाई मोजत होती. "एक बाजू राह्यली." सोनाजीचा पाय ब्रेकवरून कधी निघाला त्याचं त्यालाही कळलं नाही. तो मागं रेलला. मांडीवर बोर्ड होता, तो त्यानं कुणाला द्यायला नकार दिला होता.

बऱ्याच वेळानं त्यानं बानूला कोपरानं ढोसलं. "बानू, परत जाताना खोलीपासून विमानतळापर्यंतची गाडी?"

"मला माहितीय," बानू म्हणाली. "मी करते."

"कर. ह्याच भावाला सांग." सोनाजीनं मांडीवरचा बोर्ड सारखा केला. "आणि बोर्ड घेऊन ये म्हणावं."

"आबा, जाताना बोर्ड लागत नसतो. आपण तर दारातच उभे असणार!"

"लागत नसंल," सोनाजी खिडकीतून समुद्राकडं बघत ऐटीत म्हणाला, "तरी घेऊन ये म्हणावं. आणि ह्या वेळंला नाव तुझं टाक."